भेटीवरचा कागद

डिसेंबर महिना उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. नाटुकल्यांच्या तालमी, रांगोळ्या, पताका आणि शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ. गेल्या वर्षी आमच्या शाळेत बक्षिसे बांधण्याचे काम माझ्याकडे आले. वह्या, पुस्तके, कंपासपेट्या यांचे काही वाटले नाही. चौकोनी वस्तू, तिला सहा बाजू. कागद गुंडाळला, टोके दुमडली, चिकटपट्टी लावली, झाले काम. पण धावण्यात पहिल्या आलेल्या मुलीसाठी फुटबॉल आणला होता आणि हस्ताक्षरात पहिल्या आलेल्या मुलासाठी स्टीलचा तांब्या. या दोन वस्तूंनी माझा अगदी अंत पाहिला. कागद इकडून ओढावा तर तिकडे फाटावा. एक सुरकुती दाबावी तर शेजारी दोन उठाव्यात. चिकटपट्टी कागदाला सोडून बोटांनाच चिकटावी. रात्रीचे नऊ वाजले. आमचे शिपाईमामा दाराशी उभे राहून हा सगळा खटाटोप बघत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "गुरुजी, फडक्यात बांधा की! एक गाठ मारली की संपलं."

मी त्या वेळी हसलो. पण घरी जाताना त्यांचे शब्द मनात घोळत राहिले. भेट म्हणून द्यायची वस्तू अशी झाकून, चमकदार कागदात बांधून द्यायची, ही चाल आली तरी कोठून? आणि इतकी माणसे इतकी वर्षे हे करीत आहेत, तर दर वेळी हात असे का अडखळतात? आज आपल्यापुढे त्याचीच हकीगत मांडणार आहे.

आधी हातांची बाजू घेऊ या, कारण दोष त्यांचा नाही. संत्र्याची साल सोलून ती पाटावर सपाट पसरून बघा. ती कडेला फाटल्याशिवाय सपाट होणार नाही. आता उलट करा. सपाट कागद चेंडूवर बसवून बघा. तो चुरगळल्याशिवाय बसणार नाही. जर्मनीतला थोर गणिती गाउस याने 1827 साली हे सिद्ध करून दाखविले. सपाट पृष्ठ न ताणता नुसते वाकवले, तर त्याचा नळा होईल, शंकू होईल, पण गोल कधीही होणार नाही. पृथ्वीचा नकाशा सपाट कागदावर काढताना कोठे तरी देश लांबट किंवा फुगीर होतात, त्याचेही कारण हेच. म्हणजे शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे ध्यानात घ्यावे की, फुटबॉलवर कागद नीट बसत नाही हा आपला वेंधळेपणा नव्हे. ते भूमितीनेच ठरवून टाकलेले आहे.

मग फडक्याचे कसे जमते? कापड म्हणजे उभे आणि आडवे धागे एकमेकांत विणलेले. कापड तिरके ओढले की हे धागे एकमेकांवर कलतात, चौकोनाचा शंकरपाळा होतो, आणि कापड वस्तूच्या अंगाबरोबर वळते. उरलेला फुगवटा चुणीत जातो, आणि कापडाची चुणी कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. कागदाला हे कसब नाही. शिपाईमामांनी भूमितीचे पुस्तक वाचले नसेल, पण बोचके बांधणाऱ्याच्या बोटांना हे ज्ञान असतेच.

आता इतिहासाकडे वळू. कागद म्हटला की आपल्याला लिहिणे आठवते. पण कागदाचे बांधण्याशी नाते फार जुने आहे. कागदाचा जन्म चीनमधला. इसवी सनाच्या 105 साली त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने कागद करण्याची रीत आपल्या बादशहापुढे मांडली, असे चिनी बखरी सांगतात. पण त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे जमिनीत सापडले आहेत. तुनह्वांगजवळ वाळवंटात टपालाचे एक जुने ठाणे होते. तेथे 1990 नंतरच्या उत्खननात असे तुकडे निघाले की त्यांवर औषधांची नावे लिहिलेली होती. ते औषध बांधण्याचे कागद होते, असे पंडितांचे मत आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्य औषधाची पुडी बांधीत होता आणि वर नाव लिहीत होता! पुढे तांग घराण्याच्या काळात तेथे चहाचा वास उडू नये म्हणून तो कागदी पिशव्यांत शिवून ठेवीत.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानी साखरेचा पुडा बांधताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे पटेल. वर्तमानपत्राचा चौकोन, त्यावर साखर, दोन घड्या, एक मुडप आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा सर्रकन खाली ओढून घेतलेला आडवा-उभा वेढा. ना डिंक, ना चिकटपट्टी. पुडा चार कोस गेला तरी साखरेचा कण सांडत नसे. त्या वाण्याचे हात कधी अडखळत नसत. याचे एक कारण सवय. दुसरे कारण असे, की तो पुडा देखणा दिसलाच पाहिजे, असे कोणी त्याला सांगितले नव्हते.

भेट झाकून देण्याची चाल कापडाने सांभाळलेली दिसते. जपानातले उदाहरण फार बोलके आहे. नारा या जुन्या राजधानीत शोसोइन नावाचे एक भांडार आहे. आठव्या शतकातल्या राजघराण्याच्या चिजा तेथे जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत वस्तू बांधायची कापडेही आहेत. पुढे सार्वजनिक स्नानगृहांत जाणारे लोक आपले कपडे एका चौकोनी कापडात बांधून नेऊ लागले. त्यावरून त्या कापडाला 'फुरोशिकी' हे नाव पडले. 'फुरो' म्हणजे स्नान आणि 'शिकी' म्हणजे अंथरणे. व्यापारी त्यात माल बांधू लागले आणि सणावाराच्या भेटीही त्यातूनच जाऊ लागल्या. भेट दिली की कापड देणाऱ्याकडे परत यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी आणि प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि फुरोशिकी मागे पडली. 2006 साली त्या देशाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी जुन्या बाटल्यांच्या प्लास्टिकपासून काढलेल्या धाग्याची फुरोशिकी करवून घेतली आणि ही चाल पुन्हा धरा, असे लोकांना सांगितले.

आपल्याला यात नवल वाटायला नको. दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी जाते ते विणलेल्या रुमालाखाली. पोथी बासनात असते. आहेराची लुगडी बस्त्यात येतात. ताट परत करताना ते रिकामे देऊ नये म्हणून त्यात चिमूटभर साखर घालतात. रुमाल मात्र ज्याचा त्याला परत जातो.

तर मग रंगीत, चित्रांचा, एकदाच वापरून फाडून टाकायचा कागद कोठून आला? त्यासाठी अमेरिकेत जावे लागेल आणि तेही नाताळच्या दिवसांत.

पूर्वी नाताळच्या भेटी बहुधा घरीच केलेल्या असत. विणलेले मोजे, लाकडाची खेळणी, केक, सुकामेवा. त्या झाडाच्या फांदीला उघड्याच टांगीत, नाही तर मोज्यात घालून ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने वाढले, मोठमोठी दुकाने निघाली आणि भेट विकत आणण्याची चाल पडली. येथे एक अडचण उभी राहिली. आजीने विणलेला मोजा आजीचाच असतो, त्याला दुसऱ्या ओळखीची गरज नाही. पण दुकानातून आणलेला मोजा दुसऱ्या हजार मोज्यांसारखाच. त्यात आपले असे काय? अमेरिकन नाताळाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी यावर एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. किमतीची चिठ्ठी काढायची, वस्तू कागदात झाकायची, वर फीत बांधायची आणि नाव लिहायचे, म्हणजे दुकानातला माल हा माल राहात नाही, तो 'तुझ्यासाठी' होतो. वेष्टन घालण्याचे कष्ट हाच भेटीतला आपल्या हातचा भाग झाला. मला वाटते, कागदाची सगळी हकीगत या एका गोष्टीत आली.

आरंभी हा कागद अगदी साधा असे. जाड खाकी कागद, सुतळी आणि वर लाखेचा ठिपका. पुढे झिरझिरीत पातळ कागद आला. पांढरा, तांबडा, हिरवा, फार तर एक काटेरी पानांची नक्षी. त्याला मागे डिंक लावलेले छोटे कागदी शिक्के चिकटवीत.

अमेरिकेत मिसूरी राज्यात कॅन्सस सिटी नावाचे शहर आहे. जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा पोरगा 1910 सालच्या जानेवारीत तेथे उतरला. त्याचे भांडवल म्हणजे बुटांच्या दोन खोक्यांत भरलेली चित्रांची पोस्टकार्डे. वर्षभराने त्याचा भाऊ रॉली येऊन मिळाला. दोघे कार्डे विकू लागले. 1915 साली आग लागली आणि दुकानातला सगळा माल जळून गेला. पोरे खचली नाहीत, कर्ज काढून पुन्हा उभी राहिली. मग आला 1917 सालचा नाताळ. गिऱ्हाइकांची गर्दी इतकी झाली की पातळ कागदाचा साठा सणाच्या आधीच संपला. गिऱ्हाईक दारात, आणि द्यायला कागद नाही! रॉलीने आपल्या छपाईच्या कारखान्यात शोधाशोध केली, तेव्हा त्याला फ्रान्सहून मागविलेले नक्षीदार कागद दिसले. ते खरे तर पाकिटांना आतून अस्तर लावण्याचे. त्याने ते उचलले, काउंटरवर ठेवले आणि दहा सेंटला एक ताव अशी किंमत लावली. हां हां म्हणता सगळे ताव खपले. पुढच्या नाताळात पुन्हा ठेवले, पुन्हा खपले. 1919 साली त्यांनी तीन तावांचा जुडगा पंचवीस सेंटला विकायला काढला. मग कागद दुसऱ्याचे कशाला, म्हणून आपलेच छापू लागले. हॉल बंधूंची ही पेढी पुढे हॉलमार्क या नावाने जगभर प्रसिद्ध झाली.

अशी ही गोष्ट आहे. कोणी संशोधन केले नाही, योजना आखली नाही. माल संपला आणि हाताशी जे होते ते पुढे केले. त्या अस्तराच्या कागदाला आता शंभरांवर वर्षे होऊन गेली.

पण या कागदाने एक नवी पंचाईत उभी केली. पातळ कागद कसाही चुरगळला तरी चालत असे, तो मऊच असतो. नक्षीचा कागद जाड आणि ताठ. त्याची घडी चुकली की दिसते, नक्षी जुळली नाही की दिसते. वर सुतळी आली की नक्षी झाकते. म्हणजे कागद धरून ठेवणारे असे काही हवे, की जे स्वतः दिसणार नाही.

ती वस्तूही तेरा वर्षांनी आली. तिच्या दोन वाटा आहेत. एक वाट युरोपातली. ब्रँडनबर्गर नावाच्या स्विस रसायनज्ञाने एकदा खाणावळीत मेजावरच्या पांढऱ्या कापडावर दारू सांडलेली पाहिली. डाग न पडणारे कापड करावे असे त्याच्या मनात आले. त्या खटपटीतून काही वर्षांनी, 1908 च्या सुमारास, पारदर्शक पापुद्रा तयार झाला. तेच सेलोफेन. आपल्याकडे आकाशकंदिलाला जो रंगीत पारदर्शक कागद लावतात आणि ज्याला आपण जिलेटिनचा कागद म्हणतो, तो याच्याच घराण्यातला.

दुसरी वाट अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. थ्री-एम नावाच्या कंपनीत रिचर्ड ड्रू हा तरुण काम करी. अभियंत्याचे शिक्षण अर्धवट सोडलेला आणि बँजो वाजविण्याचा नाद असलेला. मोटारींना दोन रंग देताना रंगाऱ्यांची कडा सरळ येत नसे. त्यांच्यासाठी त्याने 1925 साली अलगद निघणारी कागदी चिकटपट्टी केली. मग सेलोफेनवर डिंक बसवून 1930 साली पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आणली. ती होती पाववाल्यांसाठी आणि किराणा व्यापाऱ्यांसाठी, सेलोफेनचे पुडे बंद करायला. पण थोड्याच काळात सेलोफेन नुसत्या उष्णतेने चिकटविण्याची युक्ती निघाली आणि व्यापाऱ्यांची गरज सरली. तेव्हा या चिकटपट्टीला कोणी हात दिला? मंदीत सापडलेल्या घरांनी. ते दिवस जागतिक मंदीचे होते. नवीन घेण्याची ऐपत नव्हती. लोक फाटकी पुस्तके, मोडकी खेळणी, फाटलेल्या नोटासुद्धा तिने जोडू लागले. आणि नाताळ आला की भेटीचा कागदही.

तिचे टोक सापडत नाही ही तक्रार तेव्हापासूनची आहे बरे का! नखाने खरवडायचे, दाताने तोडायचे, हा त्रास सगळ्यांनाच होता. 1932 साली त्याच कंपनीच्या बॉर्डन नावाच्या विक्री अधिकाऱ्याने दातेरी पाते बसविलेले साधन तयार केले, तेव्हा कोठे बोटे सुटली. आमच्या शाळेत ते साधन नाही, त्यामुळे आमची बोटे अजून 1930 सालातच आहेत.

आता इतका खटाटोप करून काय मिळते, असे कोणी विचारील. मानसशास्त्रज्ञांनीही ते विचारले. 1992 साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसून आले, की वस्तू तीच असली तरी ती बांधून दिली तर घेणाऱ्याला अधिक आवडते. पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात निराळीच गंमत निघाली. काहींना वस्तू अगदी नीटनेटकी बांधून दिली, काहींना वेडीवाकडी. वेडीवाकडी बांधलेली ज्यांना मिळाली, त्यांना आतली वस्तू जास्त आवडली! कारण साधे आहे. झगमगीत वेष्टन पाहून माणूस मनात मोठी आशा बांधतो आणि आत त्या मानाने काही निघाले नाही की हिरमुसतो. मात्र हे झाले मित्रामित्रांत. जुजबी ओळखीच्या माणसाकडून आलेली भेट नीट बांधलेली असली, तर ती अधिक बरी वाटली. तेथे नाते ठाऊक नसते, म्हणून लोक कागदावरून ते ताडतात.

श्रोते हो, या शेवटच्या वाक्याशी मी थोडा थांबतो. नाते कागदावरून ताडायचे, यात एक धोका आहे आणि तो मी स्वतः पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावाहून माझी बदली झाली. गावाने प्रेमाने निरोप समारंभ केला. टेबलावर रंगीत कागदांत बांधलेल्या वस्तूंचा ढीग झाला होता. एका विद्यार्थ्याची आई पुढे आली. तिच्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्याची पुरचुंडी होती. तिने टेबलावरच्या झगमगाटाकडे पाहिले, पुरचुंडी पदराखाली घेतली आणि मागे जाऊन बसली. मला ते दिसले, पण समारंभात उठता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी.च्या थांब्यावर तिचा मुलगा धावत आला आणि पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाला, "गुरुजी, आईनं दिलंय. कालच द्यायचं होतं." आत घरच्या रानातले तीळ होते. टेबलावरच्या भेटींत काय काय होते ते मी आज सांगू शकणार नाही. तीळ विसरलो नाही.

ही लाज आजची नाही. भागवतातला कृष्णाचा गरीब बालमित्र आठवा. आपण त्याला सुदामा म्हणतो. त्याच्या बायकोने शेजारून चार मुठी पोहे मागून आणले आणि चिंधीत बांधून दिले. द्वारकेचे वैभव पाहिल्यावर ती चिंधी बाहेर काढण्याचे त्याला धैर्य होईना, मान खाली घालून तो बसून राहिला. शेवटी कृष्णानेच ती ओढून घेतली. या कथेत वेष्टनाकडे पाहून लाजणारा देणारा आहे आणि वेष्टनाकडे न पाहणारा घेणारा आहे. देणाऱ्याची लाज घालविणे हे घेणाऱ्याच्या हाती असते, एवढे त्यातून शिकावे.

म्हणून माझ्या शिक्षकमित्रांना दोन गोष्टी सुचवितो. पहिली, मुलांना बांधायला शिकवा. हस्तकलेच्या तासाला एक खोके घ्या. त्याच्या रुंदीची आणि उंचीची बेरीज करून दुप्पट करा, वर दोन बोटे धरा. ही झाली कागदाची लांबी. खोक्याच्या लांबीत त्याची उंची मिळवा आणि वर थोडे जास्त धरा. हा झाला पन्हा. मुलांना यात गणितही येईल आणि घडीही येईल. कागद नवाच हवा असे नाही. जुन्या दिनदर्शिकेचे पान, जुना नकाशा चालतो. चकचकीत कागदावर पुष्कळदा प्लास्टिकचा नाही तर धातूचा पातळ थर असतो, त्याचा लगदा करून पुन्हा कागद होत नाही. तो टाळलेला बरा.

दुसरी गोष्ट, शाळेत कोणी काही आणून दिले तर ते कशात बांधून आणले आहे, ते सगळ्यांदेखत पाहू नका. हातात घ्या आणि देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहा.

आता फुटबॉलचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. शिपाईमामांचे ऐकले. शाळेच्या नाटकातला एक निळा शेला होता, त्यात चेंडू बांधला आणि वर एक गाठ मारली. तांब्याही तसाच बांधला. त्या मुलीने गाठ सोडली, चेंडू काखेत मारला, शेला घडी करून माझ्या हातात परत दिला आणि मैदानाकडे पळाली. शेला पुन्हा नाटकाच्या पेटीत गेला आहे. या डिसेंबरात तो परत बाहेर निघेल.